रणगाड्याचा रिमोट: बदल स्प्रिंगमध्ये हवा, ताकदीत नको

शिरूरहून महामार्गाने किंवा दौंडहून मनमाडकडच्या गाडीने अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय गाठता येते. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयातून छोटा रणगाडा बांधायची इच्छा घेऊन परतणाऱ्याने विमानाच्या मॉडेलचा ट्रान्समीटर जसाच्या तसा वापरू नये. विमानाची थ्रॉटल काडी सोडली तिथेच थांबते, कारण उडताना वेग टिकवायचा असतो. पुढे-मागे चालवणारा वेगनियंत्रक मात्र साधारण १ ते २ मिलिसेकंदांच्या संदेशात १.५ ला ‘थांब’ समजतो आणि खालच्या टोकाला ‘पूर्ण मागे’. म्हणजे विमानात ‘बंद’ असलेली खालची काडी इथे गाडी मागे पळवू शकते. म्हणून काडीला अडवून ठेवणारी पट्टी काढून तिला मध्यावर आणणारी स्प्रिंग बसवणे, हाच पहिला बदल.

एकाच काडीने दोन्ही बाजूंचे पट्टे चालवणारे ‘मिक्सिंग’ सोपे नाही का? नवख्याला सोपे, हे खरे. पण दोन काड्या, दोन पट्टे ही मांडणी मला अधिक पटते. टी-५५ चा चालकही दोन दांड्यांनीच रणगाडा वळवतो, आणि अरुंद जागेत प्रत्येक पट्ट्यावर स्वतंत्र ताबा लागतो. मग पल्ल्यासाठी ट्रान्समीटरची ताकदही वाढवावी का? मुळीच नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा वारंवारता-पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे, तो ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेतच. आणि हातभर रणगाडा नजरेच्या टप्प्याबाहेर चालवायचाच नसतो. सिग्नल तुटत असेल, तर आधी रिसीव्हरची अँटेना धातूच्या कवचाबाहेर काढावी.