कॉम्प्युटर सुरू होत नाही? आधी वही वाचवा, मग यंत्र

व्यापारी बांधवांच्या घरात आज लाल कापडाची चोपडी क्वचितच दिसते. उधारी, येणे-देणे, कारागिरांची मजुरी, सूत आणि कापडाची बिले, जीएसटीचे कागद, सगळे काही घरातल्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसले आहे. चोपडी कधी उघडायला नकार देत नसे. कॉम्प्युटर मात्र ऐन वेळी देतो. त्यातून तो दिवस महिन्याच्या १९ तारखेचा असला तर जीव टांगणीला लागतो, कारण दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची ३बी ची मुदत २० तारखेला संपते. ती हुकली की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज लागते.

अशा घाईत आपला माणूस काय करतो? पेटी उचलतो आणि रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेतो. कारागीर म्हणतो, "विंडोज उडाली, फॉरमॅट मारावे लागेल." मालक म्हणतो, "मारा, पण संध्याकाळपर्यंत द्या." आमच्या परिचयाच्या एका कापड व्यापाऱ्याच्या बाबतीत असेच घडले. संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू होऊन घरी आला, पण तीन वर्षांची उधारी त्यात नव्हती. चार दिवसांनी तो पुन्हा बंद पडला, तेव्हा कळले की दोष डिस्कच्या सैल झालेल्या केबलमध्ये होता. दुखणे गुडघ्याला आणि औषध डोळ्याला, असा हा प्रकार.

म्हणून आम्ही आज दोनच गोष्टी सांगणार आहोत. कॉम्प्युटर सुरू होताना नेमका कोठे अडतो ते आधी पाहावे. आणि दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी हिशेब बाहेर काढून घ्यावा.

माग थांबला तर आपण काय करतो?

यंत्रमाग थांबला म्हणून कोणी सारा माग उकलत नाही. मोटार फिरते का, पट्टा सरकला का, ताण्याचा धागा तुटला का, कांडी संपली का, असे क्रमाने पाहतो. कॉम्प्युटरचेही तसेच आहे. बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत त्याच्या चार पायऱ्या असतात. पहिली, वीज आत येणे. दुसरी, यंत्राने स्वतःची तपासणी करणे. हे काम मदरबोर्डवरचा बायोस नावाचा छोटा प्रोग्राम करतो. तिसरी, डिस्क शोधून तिच्यावरची विंडोज उचलणे. चौथी, विंडोज आणि तिच्यासोबत सुरू होणारे बाकीचे प्रोग्राम उभे राहणे. अडखळ कोणत्या पायरीवर आहे हे कळले की अर्धी दुरुस्ती झाली.

पहिली पायरी : वीज

बटण दाबूनही दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तेव्हा विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. भिंतीवरचा सॉकेट दुसरे उपकरण लावून तपासावा. यूपीएस बाजूला ठेवून थेट जोडून पाहावे. यूपीएसची बॅटरी जुनी झाली की कॉम्प्युटर सुरू होताना लागणारा भार ती पेलत नाही. पेटीच्या मागे एसएमपीएसचा छोटा खटका असतो, तो साफसफाई करताना कधी कधी बंद होतो. मग वायर काढून, बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे आणि पुन्हा जोडून पाहावे. एवढे करूनही हालचाल नसेल तर एसएमपीएस किंवा मदरबोर्ड तपासून घ्यावा लागेल. एसएमपीएसची डबी मात्र घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही तिच्यात विजेचा साठा राहतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

दुसरी पायरी : पंखा फिरतो, पण पडदा काळा

येथे एक सोपी परीक्षा आहे. कीबोर्डवरचे कॅप्स लॉकचे बटण दाबावे. त्याचा दिवा लागत आणि विझत असेल, तर कॉम्प्युटर बहुधा जिवंत आहे आणि दोष मॉनिटर किंवा त्याच्या केबलमध्ये असण्याची शक्यता जास्त. दिवा हलत नसेल तर प्रिंटर, पेन ड्राइव्ह वगैरे सगळे काढून टाकावे, फक्त कीबोर्ड आणि मॉनिटर ठेवून पाहावे.

पुढचा संशय रॅमवर. वीज पूर्ण काढून, हात एखाद्या धातूच्या वस्तूला लावून, रॅमची पट्टी अलगद काढावी. तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने हलके पुसावेत, चुरा झटकावा आणि पट्टी 'टक' असा आवाज होईपर्यंत नीट बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. पुष्कळदा मुके झालेले यंत्र एवढ्यावर बोलू लागते. काही यंत्रे बिघाड असल्यास ठरावीक 'बीप' देतात. त्या मोजून ठेवाव्यात. त्यांचा अर्थ कंपनीनुसार बदलतो, पण कारागिराला त्याचा उपयोग होतो.

मागाच्या गावात राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. घराखाली किंवा शेजारी माग असेल तर कापसाचे बारीक तंतू पेटीत शिरून पंख्यावर नमद्यासारखा थर धरतात. मग प्रोसेसर तापतो आणि कॉम्प्युटर सुरू होऊन थोड्याच वेळात आपोआप बंद पडतो. दर दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रशने आणि ब्लोअरने सफाई करावी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा.

याच पायरीवर एक लहान सेल मोठा घोळ करतो. मदरबोर्डवर रुपयासारखा गोल, ३ व्होल्टचा, बहुधा सीआर २०३२ क्रमांकाचा सेल असतो. तो संपला की दरवेळी घड्याळ मागे जाते, बायोसमधल्या नोंदी पुसल्या जातात आणि यंत्राला कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे ते आठवत नाही. तारीख चुकली की बँकेचे आणि जीएसटीचे संकेतस्थळही उघडायला नकार देते, कारण त्याचे सुरक्षा प्रमाणपत्र तारखेवर तपासले जाते. माणूस इंटरनेटवाल्याशी भांडत बसतो आणि दोष निघतो एका स्वस्त सेलमध्ये.

तिसरी पायरी : डिस्क सापडत नाही

पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' अशी ओळ आली तर घाबरू नये. उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेल्या आमच्यासारख्यांना काळ्या पडद्यावरची इंग्रजी ओळ म्हणजे कोर्टाचे समन्स वाटते. तिचा सरळ अर्थ एवढाच की यंत्राला डिस्क दिसत नाही किंवा डिस्कवरची विंडोज सापडत नाही. प्रथम लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढावा. यंत्र पुष्कळदा त्यावरच विंडोज शोधत बसते. मग सुरू होताना 'डिलीट' किंवा 'एफ २' दाबून बायोसमध्ये जावे आणि डिस्कचे नाव यादीत आहे का ते पाहावे. नाव नसेल तर वीज काढून डिस्कच्या दोन्ही केबल दाबून बसवाव्यात, जमल्यास डेटाची केबल बदलून पाहावी.

डिस्कमधून 'टक-टक' किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल तर कॉम्प्युटर ताबडतोब बंद करावा आणि पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नागणिक आतले नुकसान वाढते. अशा डिस्कवर 'चेक डिस्क' चालवणेही घातक, कारण मरणासन्न डिस्कला त्यात सर्वांत जास्त श्रम पडतात.

चौथी पायरी : विंडोजचे चिन्ह येते, पुढे काही नाही

विंडोज १० आणि ११ मध्ये सुरुवात लागोपाठ फसली की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यात 'ट्रबलशूट' आणि मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडावे. तेथे 'स्टार्टअप रिपेअर', नुकतेच आलेले अपडेट काढण्याची सोय आणि 'सेफ मोड'ची वाट, तिन्ही मिळतात. 'रीसेट धिस पीसी' हे बटण मात्र हिशेबाची नक्कल हाती येईपर्यंत दाबू नये. त्यातील 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे सरळ घर धुऊन नेणे.

सुरू होत नाही म्हणजे फॉरमॅटच, हा समज किती खोटा आहे ते १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर सुरू होईनात. विमानतळ, बँका, इस्पितळे अडली. पण ती यंत्रे बिघडली नव्हती आणि त्यांतली माहितीही शाबूत होती. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसली की काम होत होते. अडचण अधिक झाली ती ज्यांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती आणि किल्ली हाताशी नव्हती त्यांची. नव्या विंडोज ११ यंत्रांवर हे कुलूप आपोआप लागलेले असू शकते. त्याची ४८ अंकी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आजच कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावी.

सुरू होतो, पण चहा पिऊन होतो

येथेही घड्याळ लावून पाहावे. चिन्ह येण्याआधीच वेळ जात असेल तर दोष यंत्रात, केबलमध्ये किंवा लावलेल्या एखाद्या उपकरणात. डेस्कटॉप आल्यावर खोळंबा होत असेल तर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम कारण असतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि 'स्टार्टअप'च्या यादीतले बिनकामाचे प्रोग्राम बंद करावेत. दोन अँटिव्हायरस एकत्र कधीही ठेवू नयेत.

आणि खरे कारण पुष्कळदा जुनी फिरती हार्ड डिस्क असते. ती सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, तेही सलग फाइल असेल तर. साधी साटा एसएसडी ५०० च्या आसपास वाचते आणि विखुरलेल्या छोट्या फाइलींत तर हा फरक कितीतरी पट वाढतो. जुन्या यंत्रात एसएसडी बसवणे हा नवे यंत्र घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त उपाय आहे. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम व टीपीएम २.० लागते. खर्च करण्याआधी आपले यंत्र त्यात बसते का ते विचारून घ्यावे.

वही आधी

विंडोज मेली तरी डिस्कवरच्या फाइली बहुधा जिवंत असतात. डिस्क काढून साटा-यूएसबी जोडणीने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, किंवा लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केले, तर फाइली उतरवून घेता येतात. कारागिराला पेटी देताना कागदावर लिहून द्यावे : "आधी डेटा काढावा, मला दाखवावा, मगच फॉरमॅट." डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि हिशेबाच्या प्रोग्रामचे फोल्डर, तिन्ही ठिकाणे नावानिशी सांगावीत. पडद्यावरच्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा. "चालत नाही" या दोन शब्दांपेक्षा तो शंभर पटीने बोलतो.

त्याहून उत्तम म्हणजे ही वेळच येऊ देऊ नये. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात : एक कॉम्प्युटरमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, मग ती इंटरनेटवर असो वा भावाच्या घरी. बाहेरची डिस्क नक्कल होताच काढून ठेवावी. महिन्यातून एकदा त्या नकलेतली एक फाइल उघडून पाहावी. न उघडणारी नक्कल म्हणजे वठणार नाही असा चेक. जीएसटी कायद्यानेही वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेब सांभाळणे बंधनकारक आहे, आणि कॉम्प्युटर उडाला ही सबब तेथे चालत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी त्या हिशेबात विणकराची मजुरी आहे, रंगाऱ्याचे देणे आहे, विश्वासावर माल देणाऱ्याची रक्कम आहे. ती आपल्याकडे लोकांची अमानत आहे. यंत्र बाजारात पुन्हा विकत मिळते, वही मिळत नाही. व्यापारी बांधवांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी एक नक्कल काढून घ्यावी, एवढीच आमची विनंती.