आखूड मानेचं काडतूस

झाडलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणाऱ्या अमेरिकी नेमबाजांपैकी अनेक जण '.३५७ सिग'चं नाव काढताच नाक मुरडतात. १९९४ मध्ये सिग सावर आणि फेडरल या कंपन्यांनी हे काडतूस आणलं. .४० एस अँड डब्ल्यूसारख्या पुंगळीची मान आवळून तीत ९ मिमीची गोळी बसवली; .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा वेग पिस्तुलातून मिळावा, हा हेतू. वेग मिळाला, पण माझ्या मते खोट नेमकी त्या मानेत आहे. ती जेमतेम चार मिलिमीटर लांब. पकड अपुरी पडली, तर पिस्तुलात चढतानाच्या धक्क्याने गोळी आत सरकते, दारूची जागा आक्रसते आणि दाब धोकादायक वाढतो. शिवाय पुन्हा भरताना सरळ पुंगळ्या कार्बाइडच्या साच्यात कोरड्याच जातात. बाटलीच्या आकाराच्या या पुंगळीला वंगण लावा, मग ते पुसा, हा खटाटोप प्रत्येक वेळी आलाच.

समर्थक म्हणतात, याच आकारामुळे काडतूस चेंबरमध्ये अलगद शिरतं, पिस्तूल अडत नाही. हे खरंच आहे. मात्र सुधारलेल्या गोळ्यांमुळे साधं ९ मिमी काडतूसही पुरेसं परिणामकारक ठरलं. ते स्वस्त आणि धक्काही कमी. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनेही अखेर .३५७ सिग सोडून ९ मिमी स्वीकारलं.