प्रवासी आरक्षण प्रणाली (भारतीय रेल्वे)

प्रवासी आरक्षण प्रणाली ही भारतीय रेल्वेची तिकीट आरक्षणाची संगणकीय प्रणाली आहे. रेल्वे सूचना प्रणाली केंद्राने (क्रिस) विकसित केलेली ‘कॉन्सर्ट’ ही आज्ञावली तिचा गाभा होय. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथील केंद्रे १९९९ मध्ये परस्परांशी जोडली गेली.

महाजालाशी जोडणी

‘कॉन्सर्ट’ची उभारणी ओपनव्हीएमएस या जुन्या कार्यप्रणालीवर झाली. २००२ मध्ये आयआरसीटीसीने महाजालावरून तिकीटविक्री सुरू केली, तेव्हा हा गाभा न बदलता त्याला संकेतस्थळ जोडण्यात आले. संकेतस्थळ मागणी नोंदवते व पैसे स्वीकारते; आसनाचे वाटप मूळ प्रणालीच करते. त्यामुळे एकच आसन खिडकीवर आणि महाजालावर दोनदा विकले जात नाही. आसनतक्ता तयार झाल्यावरही पूर्णतः प्रतीक्षायादीत राहिलेले ई-तिकीट आपोआप रद्द होऊन रक्कम परत जमा होते. खिडकीवरील तिकीट मात्र प्रवाशाला स्वतः रद्द करावे लागते.

चंद्रपूर व गडचिरोली

चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशाह हे दिल्ली–चेन्नई मार्गावरील जंक्शन आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) स्थानक उत्तर भागात असून भामरागड, एटापल्ली हे वनव्याप्त तालुके तेथून दूर आहेत. तेथील प्रवाशांची आरक्षण खिडकीपर्यंतची खेप ई-तिकिटामुळे वाचते; मात्र त्यासाठी मोबाइल संपर्क उपलब्ध असावा लागतो.