जहाज पाणी पितं तेव्हा

‘तुम्ही पाण्याखाली नेमकं काय करता?’ असं मला लग्नकार्यात हमखास विचारलं जातं. पाणबुड्या म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोती नाहीतर बुडालेला खजिना येतो. मी मात्र माझ्या आयुष्याची पंचवीस वर्षं जहाजांचं तोंड साफ करण्यात घालवली. ऐकणारा हसतो. पण मंडळी, ही गंमत नाही. जहाजाला खरोखरच तोंड असतं आणि ते सारखं पाणी पीत असतं.

मोटारीच्या इंजिनाला गार ठेवायला रेडिएटर असतो, तसा जहाजाचा रेडिएटर म्हणजे समुद्र. मुख्य इंजिन, वीज तयार करणारे जनरेटर, वातानुकूलन या सगळ्यांची उष्णता शेवटी समुद्राच्याच पाण्यावर सोपवायची. आग विझवायचे पंप आणि तोल सांभाळायच्या टाक्या यांनाही तेच पाणी. ते आत घेण्यासाठी पाण्याखालच्या भागात, जहाजाच्या कुशीत पेटीसारखा एक कप्पा केलेला असतो. त्याला ‘सी-चेस्ट’ म्हणतात. बाहेरून लोखंडी जाळी, आत कप्पा, मग एक मोठी झडप, त्यापुढे गाळणी आणि पंप. सहसा डाव्या-उजव्या बाजूंना असे दोन कप्पे असतात, एक जरा वर आणि एक तळाशी. भर समुद्रात खालचा वापरायचा, म्हणजे जहाज हेलकावलं तरी तोंडात हवा जात नाही. बंदरात वरचा वापरायचा, म्हणजे तळाचा गाळ आत येत नाही.

आता या कप्प्याकडे समुद्रातल्या जिवांच्या नजरेनं पाहा. काळोख, आडोसा आणि दिवसरात्र अन्न घेऊन येणारं वाहतं पाणी. भाडं न देता इतकी चांगली जागा कुठे मिळणार? बार्नाकल चिकटतात, शिंपले येतात, त्यांच्यावर आणखी शिंपले येतात. त्यांना अटकाव म्हणून कप्प्यात तांब्याच्या कांड्या बसवून त्यांतून बारीक वीजप्रवाह सोडतात. पण कांड्या झिजल्या आणि कुणाचं लक्ष नसलं, की वस्ती वाढते. त्यात आपण माणसं प्लॅस्टिकच्या पिशव्यांची भर घालतो. कधी जेलीफिशचा थवाच येतो. २००६ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन बंदरात ‘रोनाल्ड रेगन’ या अमेरिकेच्या महाकाय विमानवाहू जहाजाच्या थंड पाण्याच्या नळांत जेलीफिश शिरले होते. एवढं मोठं युद्धजहाज, पण त्याचाही घसा बसला! मालवाहू जहाजाचा घसा अरुंद खाडीत बसला तर इंजिन तापतं, वेग उतरतो आणि सुकाणूला जहाज जुमानेनासं होतं.

दुसरा धोका जहाजाला नव्हे, बंदराला असतो. या कप्प्यांतून जीव परमुलखात पोचतात. मध्य अमेरिकेकडचा एक काळपट पट्ट्यांचा शिंपला आपल्या मुंबईत आणि विशाखापट्टणमला असाच कधीचा येऊन राहिला आहे. १९९९ साली तो ऑस्ट्रेलियातल्या डार्विन इथे सापडला, तेव्हा तिथल्या सरकारनं बोटींचे तीन धक्के बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं आणि त्याचा नायनाट केला. जहाजावरच्या अशा वाढीबद्दल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०११ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. त्यांत सी-चेस्टचा खास उल्लेख आहे.

म्हणून तपासणी. मालवाहू जहाजाचा तळ पाच वर्षांत किमान दोनदा पाहावा लागतो आणि दोन तपासण्यांत ३६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. त्यासाठी जहाज सुक्या गोदीत न्यायचं म्हणजे वेळ आणि पैसा. त्यामुळे ठरावीक अटी पाळून, त्यातली एक तपासणी जहाज पाण्यात असतानाच करायची मुभा असते. तिथे आमचं काम सुरू होतं. पाणबुड्या कॅमेरा घेऊन खाली, सर्वेक्षक पडद्यासमोर वर. जाळीचे गज शाबूत आहेत का, बोल्ट जाग्यावर आहेत का, गंज स्वतःवर घेणाऱ्या जस्ताच्या वड्या किती उरल्या आहेत, जाळी किती बुजली आहे, हे सगळं त्याला दाखवायचं.

दाखवायचं म्हणायला. मुंबई बंदराच्या पाण्यात स्वतःचा हात कोपरापुढे दिसला तर ती चैन. आम्ही उधाण टाळून भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीच्या मधल्या स्थिर पाण्यात उतरतो. कॅमेऱ्यापुढे स्वच्छ पाण्यानं भरलेली पारदर्शक पिशवी धरून ती लोखंडाला टेकवायची, म्हणजे मधलं गढूळ पाणी बाजूला सरतं आणि चित्र उमटतं. बाकी सगळं बोटांनी वाचायचं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या कामात माणसं माशांनी मरत नाहीत, पाण्याच्या दाबानं मरतात. दहा मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा जादा दाब असतो. तो सगळीकडून सारखा असतो तोवर जाणवतही नाही. पण एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला रिकामा नळ असेल, तर? आठ मीटरवर, ३० सेंटिमीटर लांब-रुंद भोकावर तो भार ७२० किलो होतो. तिथे अडकलेल्या माणसाला दहा जणही ओढून काढू शकत नाहीत. शिवाय पाणी शांत असतं. जवळ जाईपर्यंत ओढ कळत नाही आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

मला एकदा कळली. नाव-गाव सांगत नाही, जहाज परदेशी होतं. जाळीवर ताडपत्रीचा तुकडा बसला होता. ‘पंप बंद केलाय,’ असं इंजिनरूममधून तोंडी सांगण्यात आलं. दोन मिनिटांचं काम, म्हणून झडप बंद करायचा आग्रह आम्हीही धरला नाही. मी ताडपत्रीच्या मागे हात घातला आणि तेवढ्यात ती जाळीला घट्ट चिकटली. माझा हात मनगटापर्यंत मधे. कुणी बटण दाबलं नव्हतं. एक पंप थांबल्यावर नळातला दाब उतरला आणि ‘ऑटो’वर ठेवलेला शेजारचा पंप आपोआप सुरू झाला. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. ओढ फार नसेल, चौरस सेंटिमीटरला पाव किलोदेखील नाही. पण हातभर ताडपत्रीवर तिचे तीनशे किलो होतात.

टेलिफोनवर आमचे मालवणी सुपरवायझर होते. एरवी शिव्या घालणारा माणूस, त्या दिवशी हळू आवाजात म्हणाला, ‘हलू नको. श्वास घेत रव.’ पंप थांबेपर्यंत दीड मिनिट गेलं असेल. दोन बोटं मोडली होती. साफसफाईसाठी जाळी काढलेली असती, तर आज मी बोलायला इथे नसतो. चूक त्या जहाजाची होती तशीच आमचीही होती. ‘बंद आहे’ हे आम्ही ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

पुढे मी सुपरवायझर झालो. माझा माणूस पाण्याला लागण्याआधी मी स्वतः इंजिनरूममध्ये उतरतो. जहाजाला दुसऱ्या बाजूनं पाणी पिऊ द्यायचं, या बाजूची झडप बंद करून तिला कुलूप घालायचं, पंपाचा वीजपुरवठा तोडायचा, तिथे पाटी लावायची आणि किल्ली माझ्या खिशात. मग खालचा पाणबुड्या जाळीवर हातोडीनं तीन ठोके मारतो आणि ते आतल्या माणसानं ऐकायचे, म्हणजे डावं-उजवं चुकलेलं नाही याची खात्री. चीफ इंजिनिअर कधी वैतागतात, अर्धा तास वाया गेला म्हणतात. मी त्यांना माझी वाकडी बोटं दाखवतो.

तुमच्यापैकी बहुतेकांचा जहाजाशी संबंध येणार नाही. पण तुमच्या सोसायटीच्या तळटाकीत वर्षातून एकदोनदा कुणीतरी सफाईला उतरतो, आणि तिचा पंपही हल्ली आपोआपच सुरू होतो. पुढच्या वेळी तो उतरण्याआधी एवढंच करा. फ्यूज काढा आणि तो वर येईपर्यंत आपल्या खिशात ठेवा.

(नभोवाणी भाषणाचं संपादित रूप)