वेळापत्रक खरे ठेवण्याचे व्रत

रात्रीचे बारा वाजून गेले आहेत. रुग्णालयातील पाळी संपवून आलेली एक परिचारिका दादरच्या पुलावर क्षणभर थांबते आणि मोबाइलच्या पडद्यावर नजर टाकते. कल्याणच्या दिशेने जाणारी शेवटची लोकल किती वाजता आहे आणि ती कोणत्या फलाटावर येईल, एवढेच तिला जाणून घ्यायचे आहे. उत्तर अचूक असेल, तर ती घरी पोहोचेल. ते चुकले, तर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत फलाटावरचे बाकडे हाच तिचा आसरा. पडद्यावर दिसणाऱ्या त्या चार अंकांमागे कुणीतरी जागरूकपणे बसलेले असते, याची तिला कल्पनाही नसते. ती असण्याचे कारणही नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हापासून या महानगराचे जीवन रुळांच्या गतीशी बांधले गेले. आज पश्चिम, मध्य आणि हार्बर या मार्गांवर दररोज तीन हजारांच्या आसपास उपनगरी फेऱ्या होतात. घड्याळातील एक मिनिट म्हणजे काय, हे मुंबईकराला कुणी शिकवावे लागत नाही. पूर्वी स्थानकावरील पुस्तकांच्या दुकानात लोकलच्या वेळापत्रकाची छोटी पुस्तिका मिळे. ती खिशात बाळगणारा माणूस डब्यातील मंडळींचा हक्काचा मार्गदर्शक असे. उरलेल्यांची भिस्त फलाटावर टांगलेल्या इंडिकेटरवर.

तो इंडिकेटर प्रवाशाच्या हातात आणून देणारे अ‍ॅप म्हणजे ‘एम-इंडिकेटर’. सचिन टेके यांनी विकसित केलेले हे अ‍ॅप सुरुवातीला बटणांच्या साध्या जावा फोनवर चालत असे. स्मार्टफोन सर्वांच्या हाती आल्यानंतर ते त्यावरही आले. लोकलच्या वेळा, बेस्ट बसचे मार्ग, रिक्षा-टॅक्सीचे भाडे आणि रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना असे एकेक दालन त्यात वाढत गेले. रेल्वेने ते बनवून घेतले नव्हते. प्रवाशाची अडचण जाणून स्वतंत्रपणे केलेले ते काम होते, आणि मुंबईकरांनी ते आपलेसे केले.

अंकांमागचे गणित

वेळापत्रकाचे अ‍ॅप म्हणजे छापील पुस्तिका मोबाइलवर उतरवणे, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. गाडी धीमी की जलद, जलद असल्यास कोणती स्थानके वगळणार, डबे बारा की पंधरा, ती रविवारी धावते की नाही, अशी प्रत्येक फेरीची स्वतंत्र माहिती असते. त्यातील एक नोंद चुकली, तर हजारो प्रवाशांना ती चूक एकाच वेळी दिसते.

मध्यरात्रीचेच उदाहरण घ्यावे. शनिवारी रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी सुटणारी गाडी कोणत्या दिवसाची? दिनदर्शिका म्हणते, रविवारची. रेल्वे कर्मचारी आणि प्रवासी मात्र तिला शनिवारची शेवटची गाडी मानतात. सार्वजनिक वाहतुकीची माहिती नोंदवण्याची जीटीएफएस नावाची एक पद्धत जगभर वापरली जाते. तिने या पेचावर साधा तोडगा काढला आहे. या पद्धतीत सेवेचा दिवस चोवीस तासांपलीकडे नेता येतो. त्यामुळे ती वेळ ०:२० अशी न लिहिता २४:२० अशी लिहिली जाते आणि गाडी शनिवारच्याच खात्यात राहते. एवढ्या बारकाव्याकडे दुर्लक्ष झाले, तर संगणक रविवारचे वेळापत्रक उघडतो आणि न धावणारी गाडी दाखवतो.

शहर थांबत नाही

अ‍ॅप एकदा बनवणे कठीण असले, तरी त्या कामाला शेवट असतो. ते खरे ठेवण्याच्या कामाला शेवट नसतो. मुंबईचीच गेली काही वर्षे पाहिली, तरी हे ध्यानात येते. डिसेंबर २०१६ मध्ये जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्या मध्ये राम मंदिर हे नवे स्थानक आले. २०१७ मध्ये सीएसटीचे सीएसएमटी झाले, त्याच वर्षी नाताळच्या दिवशी पहिली वातानुकूलित लोकल धावली. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांना सलग क्रमांक मिळाले आणि मध्य रेल्वेचा एक क्रमांकाचा फलाट एका दिवसात आठ क्रमांकाचा झाला. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल पोहोचली. नाव बदलले, तरी जुन्या नावाने शोधणाऱ्या प्रवाशाला स्थानक सापडले पाहिजे. फलाट बदलला, तर तो त्याच दिवशी बदललेला दिसला पाहिजे.

बदल असा मोठाच असतो असे नाही. मेगाब्लॉकची सूचना मजकुराच्या रूपात प्रसिद्ध होते. अमुक वेळेत जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या जातील, तमुक स्थानकांदरम्यान सेवा बंद राहील, असे तिचे स्वरूप असते. ती वाचायची, तिचा अर्थ लावायचा आणि रविवारी सकाळी कुटुंबासह बाहेर पडणाऱ्यांच्या हाती ती वेळेवर द्यायची, हे काम आठवड्यामागून आठवडे करावे लागते. मार्च २०२० मध्ये तर लोकलच थांबली. जून महिन्यात ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी, मोजक्या फेऱ्यांसह सुरू झाली. अशा वेळी जुने पाठ वेळापत्रक कुणाच्याही उपयोगाचे नव्हते.

शहरात काहीच बदलले नाही, तरी फोन बदलतात. कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्त्या येतात. अ‍ॅप उपलब्ध करून देणाऱ्या कंपन्या ठरावीक काळाने नवे नियम लागू करतात आणि ते न पाळणारी अ‍ॅप्स नव्या फोनवर मिळेनाशी होतात. म्हणजे आहे तेथे राहण्यासाठीही चालत राहावे लागते.

जुन्या प्रतीचा धोका

गर्दीच्या डब्यात इंटरनेट हमखास मिळेल असे नाही. म्हणून वेळापत्रक फोनमध्येच साठवून ठेवणे प्रवाशाच्या हिताचे असते. मात्र याच सोयीत एक धोका दडलेला आहे. ज्याने अ‍ॅप अनेक महिने अद्ययावत केलेले नाही, त्याच्या फोनमधील वेळापत्रक जुने झालेले असते आणि तरीही ते पूर्वीच्याच आत्मविश्वासाने वेळ सांगत राहते. कागदी पुस्तिका पिवळी पडते, तिचे कोपरे झिजतात. पडद्यावरील अंक जुने झाल्याचे दिसत नाही. म्हणून माहिती कोणत्या तारखेची आहे हे स्पष्ट लिहिणे, नवे वेळापत्रक आधीच फोनमध्ये पाठवून ठरल्या दिवशी ते आपोआप लागू करणे आणि प्रवाशाने कळवलेली चूक पडताळून पाहणे, ही प्रामाणिक विकसकाची कर्तव्ये ठरतात.

वेळापत्रक कोणाचे?

ही माहिती मिळवण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्नही सोपा नव्हता. २००९ मध्ये सिडनीतील रेल्वे संस्थेने वेळापत्रकावरील स्वामित्वहक्काचा मुद्दा पुढे करून स्वतंत्र विकसकांना कायदेशीर कारवाईचा इशारा दिला होता. टीका झाल्यावर तेथील सरकारला भूमिका बदलावी लागली. अमेरिकेतील पोर्टलँड शहराने त्याआधीच वेगळी वाट धरली होती. २००५ मध्ये तेथील परिवहन संस्थेने आपली माहिती गूगलच्या सहकार्याने खुल्या रूपात मांडली, आणि त्यातूनच जीटीएफएस ही पद्धत आकाराला आली. आपल्याकडे दिल्ली सरकारने आयआयआयटी-दिल्लीच्या साहाय्याने २०१८ मध्ये बसची माहिती खुली केली. संस्थेने स्वतः अचूक माहिती दिली, तर विकसकाची शक्ती ती गोळा करण्यात न जाता ती नीट पोहोचवण्यात खर्च होते.

एकट्याच्या खांद्यावर

अशा कामाचा सर्वांत गंभीर प्रश्न शेवटी येतो. ज्याने हे उभे केले, तो थकला किंवा दुसरीकडे गेला, तर पुढे काय? सिएटलमधील ‘वनबसअवे’ या अ‍ॅपची कथा या बाबतीत मार्गदर्शक आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील ब्रायन फेरिस या विद्यार्थ्याने २००८ च्या सुमारास बस प्रत्यक्ष किती मिनिटांत येईल हे सांगणारी ही सेवा सुरू केली. पुढे तो नोकरीनिमित्त दूर गेला, पण सेवा बंद पडली नाही. तिची संगणकीय रचना त्याने सर्वांसाठी खुली ठेवली होती, त्यामुळे विद्यापीठाने आणि नंतर तेथील परिवहन संस्थेने ती पुढे चालवली. इतर शहरांनीही ती स्वीकारली. आपले काम दुसऱ्याला हाती घेता येईल अशा रीतीने मांडून ठेवणे हादेखील निष्ठेचाच एक भाग आहे.

याच सेवेचा अभ्यास करताना विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की, माहिती नसलेल्या प्रवाशांना वाट पाहण्याचा काळ प्रत्यक्षापेक्षा मोठा वाटतो. गाडी केव्हा येणार हे कळले, की तो भास उरत नाही. गाडी लवकर येत नाही, पण मनाची घालमेल थांबते.

दादरच्या पुलावरील ती परिचारिका फोन पिशवीत ठेवते आणि जिना उतरते. पडद्यावर जो क्रमांक होता, त्याच फलाटावर गाडी शिरते. ती खिडकीजवळची जागा पकडून डोळे मिटते. तो क्रमांक तिच्यासाठी कुणी बदलून ठेवला, हे ती विचारत नाही. उद्या पुन्हा काही बदलेल आणि ज्याचे हे काम आहे, तो पुन्हा सूचना वाचायला बसेल.