परिचारिका आणि रुग्ण : संवाद हाही उपचारच

रुग्णालयात दाखल झालेल्या व्यक्तीची डॉक्टरांशी भेट दिवसातून काही मिनिटांचीच होते. परिचारिका मात्र तिन्ही पाळ्यांत तिच्याजवळ असते. सलाईन, इंजेक्शन, ड्रेसिंग ही परिचारिकेची कामे सर्वांना दिसतात. रुग्णाशी बोलणे व त्याचे ऐकून घेणे हे कामही तितकेच मोलाचे असून ते सहसा नजरेस येत नाही. म्हणूनच त्याविषयी हितचिंतकांसमोर हे चार शब्द मांडत आहोत.

शब्द एक, अर्थ दोन

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रुग्णास "सकाळी काही खाऊ नका" असे सांगण्यात येते. आपल्याकडे चहा पिणे हे खाण्यात मोडत नाही, आणि 'उपाशी राहा' म्हटले तरी एकादशीच्या उपवासाला चहा चालतोच. त्यामुळे रुग्ण पहाटे निर्धास्तपणे दुधाचा चहा घेतो. भूल दिल्यावर पोटातील पदार्थ उलटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. दुधाच्या चहानंतर साधारणपणे सहा तास थांबावे लागते व शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. आमच्याकडेही असे घडले आहे. त्यात दोष रुग्णाचा नव्हता, उणीव आमच्या सांगण्यात होती. उलट 'निर्जळी' म्हटले, तर भूलतज्ज्ञांनी घोटभर पाण्याबरोबर घ्यावयास सांगितलेली रक्तदाबाची गोळीही रुग्ण टाळतो.

यावर उपाय साधा आहे. "समजले ना?" असे विचारले की मान डोलावली जाते. त्याऐवजी "उद्या सकाळी काय घ्यायचे, काय नाही, ते मला सांगा बघू," असे विचारले, तर गैरसमज तेथेच उघड होतो. घरी जाताना गोळ्यांच्या वेळा व इन्शुलिनची मात्रा समजावतानाही हीच पद्धत उपयोगी पडते.

रुग्णाची भाषा

फेरीच्या वेळी डॉक्टरांनी विचारले की "बरं हाय" असे उत्तर येते. मोठ्या माणसांचा वेळ कशाला घ्यावा, हा त्यामागील संकोच. डॉक्टर पुढे गेल्यावर मात्र तोच रुग्ण हळूच म्हणतो, "सिस्टर, छातीत भरून आल्यागत वाटतंया." हे वाक्य 'घाबरलेत' म्हणून सोडून द्यायचे, की तातडीने नाडी व रक्तदाब पाहून डॉक्टरांना कळवायचे, यावर कधी कधी प्राण अवलंबून असतात.

वेदना किती, हे शून्य ते दहा या आकड्यांत सांगणे अनेक वयस्कांना जमत नाही. "रुपयातलं किती आणे दुखतंय?" म्हटले की "काल बारा आणे होतं, आज चार आणे हाय," असे नेमके उत्तर मिळते. निपाणी, संकेश्वर भागातून येणाऱ्या कन्नडभाषिक आजीला "एल्लि नोवु?" एवढे जरी विचारले, तरी तिचा चेहरा उजळतो आणि दुखते कोठे ते ती हाताने दाखवते.

परिचारिकेने ऐकलेले पुढील पाळीपर्यंत पोचले नाही, तर ऐकूनही उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये रुग्णसुरक्षेसाठी सुचविलेल्या नऊ उपायांत, रुग्णाची जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे सोपविताना होणाऱ्या संवादाचा समावेश होता, तो याच कारणाने.

नातेवाइकांस विनंती

रुग्णाच्या कानावर अर्धवट पडेल अशी कुजबुज त्याला त्रासदायक ठरते, असा इशारा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 साली लिहिलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात दिला होता. तो आजही तितकाच खरा आहे. तेव्हा खाटेजवळ कुजबुजू नये. घरून आणलेले खाणे, गावठी औषध वा काढा दिला असल्यास तो लपवू नये. परिचारिका रागावण्यासाठी नव्हे, औषधांचा मेळ घालण्यासाठी विचारत असते.

देणगीदारांस निवेदन

यंत्रासाठी दिलेल्या देणगीचा फलक भिंतीवर लागतो. रुग्णाजवळ पाच मिनिटे बसण्यासाठी परिचारिकेस मिळालेल्या सवडीचा फलक लावता येत नाही. परंतु ती सवड पुरेशा मनुष्यबळातून व प्रशिक्षणातूनच मिळते, आणि त्यासाठी दिलेला प्रत्येक रुपया थेट रुग्णाच्या उशाशी पोचतो.