राक्षस कोण आणि साक्षीदार कोण?

भयकथा, गूढकथा, जादूटोण्याच्या कादंबऱ्या म्हटल्या की परिवर्तनवादी चळवळीतला माणूस नाक मुरडतो. त्याला कारणही तसेच आहे. भूत, भानामती, करणी यांच्या नावाखाली भट-भगतांनी इथल्या बहुजनांना पिढ्यान् पिढ्या लुबाडले. पण आमची शिकलेली मुले ही पुस्तके आवडीने वाचतात, हे वास्तव आहे. नारायण धारप (१९२५-२००८) यांची ‘लुचाई’ अजूनही वाचली जाते. स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सालेम्स लॉट’ या अमेरिकन कादंबरीवर ती बेतलेली आहे. त्या मूळ कादंबरीत एका लहानशा गावात रक्तपिपासू येतो आणि एकेक शेजारी त्याच्यासारखाच होत जातो. शेवटी विश्वास ठेवायचा कुणावर, हाच प्रश्न उरतो. मग हे साहित्य आपले नव्हेच, असे म्हणायचे काय?

मुळीच नाही! जादू, राक्षस आणि अविश्वास यांची एक जबरदस्त कथा दीड हजार वर्षांपूर्वी बौद्ध लेण्यात रंगवली गेली आणि तिचा धागा थेट वाशिमशी जुळतो. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, पण वाशिमचा इतिहास फार जुना आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्खुसंघासाठी कोरविले. शेजारचे १७ क्रमांकाचे लेणे हरिषेणाच्याच एका मांडलिकाने दान दिले. त्या १७ क्रमांकाच्या लेण्यात ‘सिंहल अवदान’ चितारलेले आहे.

सिंहल हा व्यापारी पाचशे सोबत्यांसह समुद्रप्रवासाला निघतो. जहाज फुटते. बेटावर सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात, पण त्या असतात नरभक्षक राक्षसी. उडत्या घोड्याच्या पाठीवरून सुटका होते ती एकट्या सिंहलाची. मोहाने मागे वळलेले सारे मरतात. एक राक्षसी लेकरू कडेवर घेऊन त्याच्या पाठोपाठ येते आणि नवऱ्याने टाकून दिल्याची तक्रार राजाकडे करते. सिंहल जीव तोडून खरे सांगतो. राजा ऐकत नाही. तिला राजवाड्यात ठेवून घेतो. सकाळी वाड्यावर गिधाडे घिरट्या घालत असतात!

या कथेतली खरी भीती राक्षसीच्या दातांत नाही, ती दरबारात आहे. सर्वनाशातून वाचलेला एकमेव साक्षीदार समोर उभा असताना सत्ता त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

आपल्या विदर्भातच हे घडले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची गावच्या जमावाने हत्या केली. कुटुंबप्रमुख तेवढा वाचला. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना खुनाबद्दल दोषी ठरविले, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून २५ वर्षांची शिक्षा दिली आणि जातीचे कारण तेव्हाही मान्य झाले नाही. देशाने प्रेते पाहिली, जात मात्र दिसली नाही! २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तर या कायद्याखालच्या तक्रारीकडेच संशयाने पाहिले. २ एप्रिलला देशभर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे संसदेने कायदा दुरुस्त केला. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याला अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर म्हटले होते. भयकादंबरीत संकट बहुधा गावाबाहेरून येते. आमचे संकट गावातच वस्तीला असते.

राक्षस कुणाला म्हणायचे, हेही आपणच तपासले पाहिजे. अजिंठ्याच्या कथेतही राक्षस ठरली ती बाई आणि ते दूरचे बेट, हे विसरून चालणार नाही. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) राक्षस म्हणजे इथले रक्षक, असा उलट अर्थ लावून दाखविला. आजही गावात कुणाचे गुरू मेले, लेकरू आजारी पडले की संशय जातो तो एखाद्या एकट्या विधवेवर. करणी करते म्हणून एखाद्याला बदनाम करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण त्या कायद्याचा अध्यादेश निघण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी प्राण द्यावे लागले.

फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामी संपविणाऱ्यांना अर्पण केली होती. त्याच अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन यांनी १९८७ मध्ये ‘बिलव्हेड’ लिहिली. गुलामीत परत जाऊ नये म्हणून आईनेच मारलेली मुलगी त्या कादंबरीत भूत होऊन घरी येते. ते भूत अंधश्रद्धा पसरवीत नाही, पुरलेला इतिहास उकरून काढते.

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने भुताची गोष्ट लिहावी काय, असे कुणी विचारील. गोष्ट लिहिणे म्हणजे भूत मानणे नव्हे. तथागत अंगुलिमालासमोर गंडा-दोरा घेऊन गेले नाहीत. निर्भयपणे चालत गेले आणि त्यातला माणूस जागा केला. वाशिम, रिसोड, मानोऱ्याच्या आमच्या मुलामुलींनी भयकथा वाचाव्यात आणि आता लिहाव्यातही. मात्र त्यात गंडा-दोरा जिंकू नये. एकट्या उरलेल्या साक्षीदाराचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले जावे. दरबाराने ते ऐकले नाही. निदान आमच्या साहित्याने ऐकावे.